अँडी पळाला, सुटला तो रेड

‘द शॉशँक रिडेम्प्शन’ आवडतो असं कुणी म्हणालं की मी विचारते, पहिल्यांदा कुठून पाहिलास? अगदी पहिल्या दृश्यापासून, असं उत्तर क्वचित येतं. कुणी चॅनल बदलता बदलता छपरावर डांबर पसरणाऱ्या कैद्यांपाशी थबकलेलं असतं. कुणी तुरुंगाच्या पटांगणात अचानक घुमलेल्या दोन बायकांच्या गाण्यापाशी. कुणाला हॉस्टेलवर रूममेटने ‘बस, बघ, मध्ये बोलू नकोस’ म्हणून बळेच बसवलेलं असतं. मी थांबले ती एका म्हाताऱ्यापाशी. पांढऱ्या केसांचा तो माणूस खिडकीतून एका कावळ्याला सोडून देत होता, आणि त्याच्या आवाजावरूनच कळत होतं की जायचं नाहीये ते त्याला स्वतःला. आधीचा तासभर मला ठाऊक नव्हता. तरी नंतर रिमोटला हात लागला नाही.

हा चित्रपट असाच आडवाटांनी लोकांच्या घरात शिरलेला आहे. 1994 च्या सप्टेंबरात तो अमेरिकेत लागला तेव्हा थिएटरं रिकामी राहिली. बनवायला सुमारे अडीच कोटी डॉलर लागले होते, पहिल्या फेरीत जेमतेम एक कोटी साठ लाख वसूल झाले. तुरुंगाची गोष्ट, बायका जवळजवळ नाहीतच, लांबी दोन तास बावीस मिनिटं, आणि नाव असं की तिकीट खिडकीवर सांगताना जीभ अडखळावी. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. त्या वर्षी ‘फॉरेस्ट गंप’ने बाजी मारली. नामांकनांमुळे तो पुन्हा लावला गेला, तेव्हा कुठे एकूण कमाई दोन कोटी ऐंशी लाखांच्या आसपास पोहोचली. मग व्हिडिओ कॅसेट आल्या आणि 1995 मध्ये अमेरिकेत सर्वाधिक भाड्याने गेलेल्या कॅसेटमध्ये तो होता. 1997 पासून टीएनटी वाहिनीने तो इतक्यांदा दाखवला की घराघरात त्याची माणसं ओळखीची झाली. 2008 पासून आयएमडीबीवर प्रेक्षकांच्या मतांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर आहे. 2015 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या चित्रपटांत त्याची नोंद केली.

यातला यशाचा भाग मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याला वर आणलं ते एकेकट्या माणसांनी. कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, त्याने पुढे सांगितलं. आणि सांगणारा प्रत्येक जण जवळपास एकच वाक्य बोलतो, ‘आशेवरचा सिनेमा आहे.’ ते खरंच आहे. पण ही आशा नेमकी कुणाची, याचं उत्तर बहुतेक जण अँडी असं देतात. मला ते पटत नाही.

अँडी डुफ्रेन हा बँकेतला मोठा अधिकारी. बायको आणि तिच्या प्रियकराच्या खुनाच्या आरोपाखाली, न केलेल्या गुन्ह्यासाठी, 1947 मध्ये त्याला एकापाठोपाठ एक भोगायच्या दोन जन्मठेपा होतात. टिम रॉबिन्सने तो असा उभा केलाय की उंच, किंचित वाकलेला, चेहऱ्यावर कुणालाच न सापडणारं काहीतरी. गोष्ट त्याची आहे. सांगतो मात्र त्याचा तुरुंगातला सोबती रेड, म्हणजे मॉर्गन फ्रीमन. स्टीफन किंगच्या 1982 मधल्या मूळ दीर्घकथेतला रेड लाल केसांचा आयरिश माणूस आहे. दिग्दर्शक फ्रँक डॅराबॉन्टचा थिएटरसाठीचा हा पहिलाच चित्रपट, आणि त्याने ही भूमिका फ्रीमनला दिली. आज दुसऱ्या कुणाच्या आवाजात ती गोष्ट ऐकणं कल्पनेतही जमत नाही. त्या आवाजात घाई नाही. जे बोलायचं ते अनेक वर्षं आत ठेवून झालेलं आहे, असा तो आवाज आहे.

रेड निवेदक आहे म्हटल्यावर आपल्याला अँडी दिसतो तो फक्त रेडला दिसतो तितकाच. रात्री दिवे मालवल्यावर अँडीच्या कोठडीत काय चालतं, ते चित्रपट दोन तास सांगत नाही. तो पटांगणात बागेत फेरफटका मारावा तसा चालतो, दगड गोळा करतो, एक छोटा हातोडा मागवतो. हातोडा हातात घेऊन रेड हसतो, याने भिंत खणायची तर सहाशे वर्षं लागतील. अँडीला वीससुद्धा लागली नाहीत. 1966 च्या एका सकाळी कोठडी रिकामी सापडते, आणि भिंतीवरच्या पोस्टरमधून आरपार गेलेला दगड मागच्या भुयारात कुठेतरी पडल्याचा आवाज येतो.

एरवी असा धक्का एकदा बसला की चित्रपटात परत जाण्यासारखं काही उरत नाही. इथे उलट होतं. दुसऱ्यांदा पाहताना नजर सारखी अँडीच्या हातांवर, पँटच्या पायांवर, भिंतीवरच्या नटी रिटा हेवर्थच्या पोस्टरवर जाते. वॉर्डन नॉर्टन पहिल्यांदा झडती घ्यायला येतो ते दृश्य घ्या. तो अँडीच्या हातातलं बायबल स्वतःकडे घेतो, वचनांवर दोन शब्द बोलतो, बायबल हातात तसंच ठेवून निघतो, मग आठवण झाल्यासारखं ते परत करतो आणि म्हणतो, तारण याच्या आतच आहे. पहिल्यांदा आपल्याला त्यात फक्त वॉर्डनचा ढोंगी धार्मिकपणा दिसतो. दुसऱ्यांदा छातीत धडधडतं, कारण हातोडा त्या पानांच्या पोटात आहे. पहिल्या वेळी आपण रेडसारखे अंधारात असतो, नंतरच्या प्रत्येक वेळी अँडीच्या कटात सामील. लोक हा चित्रपट परत परत का पाहतात याचं निम्मं उत्तर मला इथे सापडतं.

उरलेलं निम्मं रेडपाशी आहे.

अँडी आशेबद्दल बोलतो फार कमी. तो काम करतो. तुरुंगाच्या ग्रंथालयासाठी पैसे मिळावेत म्हणून राज्याच्या सिनेटला दर आठवड्याला एक पत्र, सहा वर्षं. सहा वर्षांनी दोनशे डॉलरचा चेक आणि जुन्या पुस्तकांची खोकी येतात, सोबत निरोप: आता पत्रं थांबवा. अँडी ठरवतो, यापुढे आठवड्याला दोन. छपरावरच्या डांबराच्या कामात तो जीव धोक्यात घालून पहारेकऱ्यांच्या कॅप्टन हॅडलीला करसल्ला देतो आणि मोबदल्यात सोबत्यांसाठी प्रत्येकी तीन बाटल्या बिअर मागतो. स्वतः एक घोटही घेत नाही. भिंतीला टेकून, चेहऱ्यावर ऊन घेत, इतरांना पिताना बघत बसतो. रॉजर डिकिन्सच्या कॅमेऱ्याने त्या उन्हाचा रंग असा पकडलाय की करड्या-निळ्या तुरुंगात तो एकटा प्रसंग वेगळ्याच ऋतूतला वाटतो.

त्याच पुस्तकांच्या खोक्यांत मोझार्टची रेकॉर्ड सापडते. अँडी दाराला आतून कडी लावतो आणि ‘द मॅरेज ऑफ फिगारो’मधलं दोन स्त्रियांचं गाणं सगळ्या तुरुंगाच्या लाउडस्पीकरवर सोडतो. पटांगणातला प्रत्येक माणूस जागच्या जागी थांबून वर बघतो. त्या बायका काय गात होत्या हे आपल्याला कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं, असं रेड सांगतो. मला इटालियन येत नाही, ऑपेराची सवय नाही, पण शब्द न कळताही सूर आत उतरतो हे पटवून द्यायला भजन-कीर्तनात वाढलेल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. हे दृश्य किंगच्या कथेत नाही. डॅराबॉन्टने ते लिहिलं, आणि मूळ कथेत भर घालण्याचा अधिकार कसा कमवावा याचा मला तो नमुना वाटतो.

या गाण्यापायी अँडी दोन आठवडे अंधारकोठडीत काढतो आणि बाहेर येऊन जेवणाच्या टेबलावर म्हणतो की मोझार्ट सोबतीला होता. दगडी भिंतींच्या आत माणसाजवळ असं काहीतरी असतं ज्याला कुणी हात लावू शकत नाही. त्यावर रेडचा चेहरा बदलतो. तो चिडतो. आशा धोकादायक असते, ती माणसाला वेड लावते, इथे तिचा काही उपयोग नाही, असं बजावून तो उठतो. त्याआधी त्याने सहज सांगितलेलं असतं, तरुणपणी मी माउथ ऑर्गन वाजवायचो, आत आल्यावर इच्छाच उरली नाही.

पुढे अँडी त्याला माउथ ऑर्गन भेट देतो. रेड तो लगेच वाजवत नाही. रात्री सगळं निवल्यावर कोठडीत एकटा बसून तो ओठांना लावतो आणि एक, फक्त एक, बारीक सूर काढतो. लगेच थांबतो. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने तिथे अख्खी धून घातली असती, सगळ्या कोठड्यांतून टाळ्या पडल्या असत्या. इथे एक सूर आणि भ्यालेला चेहरा. पुन्हा हवंसं वाटायला लागलं तर काय होईल, याची ती भीती आहे. अँडीची हिंमत बघून आपण थक्क होतो, पण ही भीती आपल्या ओळखीची असते. आपल्यापैकी फार थोडे जण अँडी आहेत. बहुतेक सगळे कुठल्या ना कुठल्या बाबतीत रेड आहोत. जे मागून मिळालं नाही ते मागायचंच सोडून दिलेले, आणि त्या सोडून देण्याला शहाणपण म्हणणारे.

मी ज्या म्हाताऱ्यापाशी थांबले होते तो ब्रुक्स. 1905 पासून आत असलेला ग्रंथपाल, 1954 मध्ये सुटका होते. सुटकेची बातमी कळल्यावर तो एका सोबत्याच्या गळ्यावर सुरी धरतो, केवळ आतच ठेवतील या आशेने. बाहेरच्या जगात मोटारी सुसाट धावतात, किराणा दुकानात पिशव्या भरताना त्याचे हात दुखतात, सुटीत तो बागेत पक्ष्यांना दाणे टाकत बसतो, की कधीतरी आपला कावळा जेक येईल. जेक येत नाही. ब्रुक्सने सोबत्यांना लिहिलेल्या पत्राचं वाचन जेम्स व्हिटमोरने इतक्या साध्या आवाजात केलंय की शेवटी त्याने गळफास घेतल्यावरही तो आवाज मनात चालूच राहतो. रेड सोबत्यांना समजावतो, या भिंतींचं असंच असतं, आधी त्यांचा राग येतो, मग सवय होते, आणि पुरेसा काळ गेला की त्यांच्याच आधाराने उभं राहावं लागतं.

हे मी माझ्या थोरल्या काकांसोबत पाहिलं होतं. त्यांची सगळी उमेद गिरणीत गेली. 1982 च्या संपानंतर गिरणी पूर्वीसारखी चाललीच नाही, पुढे बंद पडली. तरी पहिल्या पाळीच्या वेळेला त्यांना जाग यायची. आंघोळ करून, डोक्याला तेल लावून ते बाहेर पडायचे आणि गिरणीच्या बंद फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात बसून यायचे. काकू चिडायची. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, सबटायटल वाचण्याएवढी नजरही राहिली नव्हती. मी अधूनमधून सांगत होते. ब्रुक्स दुकानात पिशव्या भरतो तिथे त्यांनी हाताने मला थांबवलं. पुढचं सांगायची गरज पडली नाही. चित्रपट संपल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘त्याला बाहेर काढताना कुणी विचारलं पण नाही, कुठं जाणार म्हणून.’

ब्रुक्सचं ओझं पुढे रेडच्या खांद्यावर येतं, म्हणून त्याच्या पॅरोलच्या, म्हणजे मुदतीआधीच्या सुटकेच्या, तीन सुनावण्या मला या चित्रपटाचा कणा वाटतात. वीस वर्षं झाल्यावरची पहिली: रेड टोपी हातात धरून नम्रपणे सांगतो, होय साहेब, मी पूर्ण सुधारलोय, समाजाला माझ्यापासून धोका नाही. शिक्का पडतो, नामंजूर. तिसाव्या वर्षी तीच वाक्यं, फक्त आवाज थकलेला. तोच शिक्का. चाळिसाव्या वर्षी समोर तरुण अधिकारी बसलेले असतात आणि रेड टोपी मुरगळत नाही. सुधारणं हा तुम्हा लोकांचा शब्द आहे, त्याचा अर्थ मला ठाऊक नाही, असं तो म्हणतो. पश्चात्ताप? असा एक दिवस जात नाही. तुम्ही अपेक्षा करता म्हणून नाही. तो गुन्हा करणारा मूर्ख पोरगा मला आठवतो, त्याच्याशी बोलावंसं वाटतं, पण तो पोरगा केव्हाच गेला, उरला तो हा म्हातारा. शिक्का मारा आणि माझा वेळ घालवू नका. या वेळी मंजूर.

यात मला दरवेळी नवं काही दिसतं. पहिल्या दोन वेळी रेड त्यांना आवडेल ते बोलत होता, म्हणजे त्यांच्याकडून काहीतरी मिळवू बघत होता. तिसऱ्यांदा तो खरं बोलतो. त्याला वाटतं, आपण आशा सोडली म्हणून खरं बोलू शकलो. मला मात्र वाटतं की अँडी भिंतीपल्याड गेल्यानंतरच्या त्या काळात रेडच्या आत काहीतरी सरकलेलं आहे, त्याचं त्यालाही कळलेलं नाही. पटांगणातल्या शेवटच्या भेटीत अँडीने त्याच्याकडून वचन घेतलेलं असतं: कधी सुटलास तर बक्स्टनजवळच्या एका शेतात जा, ओक वृक्षाशेजारच्या दगडी कुंपणात एक काळा काचेसारखा दगड शोध. तेव्हा रेडने मान हलवली होती ती मित्राला बरं वाटावं म्हणून.

बाहेर पडल्यावर रेडला खोली मिळते ती ब्रुक्सची. काम तेच, पिशव्या भरायचं. लघवीला जायचं तर तो मॅनेजरची परवानगी मागतो, चाळीस वर्षांची सवय. तुळईवर ब्रुक्सने कोरलेलं नाव आहे. गहाणाच्या दुकानाच्या काचेआड पिस्तुलं मांडलीत आणि त्यांच्या शेजारी एक होकायंत्र. कॅमेरा दोन्हींवरून जातो. रेड होकायंत्र घेतो. तुळईवर ब्रुक्सच्या नावाशेजारी आपलं नाव कोरतो, ब्रुक्सने जिथे गळफास घेतला तिथून तो खाली उतरतो आणि बॅग उचलून निघतो. थॉमस न्यूमनचं संगीत इथे हळूहळू वर येतं आणि मी दरवेळी रडते.

हरकती आहेत, आणि त्या घेणाऱ्यांचं मी ऐकते. या शॉशँक तुरुंगातले कैदी फारच गोड आहेत. 1940 च्या दशकातल्या अमेरिकन तुरुंगात काळे-गोरे एकाच टेबलावर निवांत जेवतात, त्यावर चित्रपट चकार शब्द काढत नाही. सगळ्यात टोचतो तो टॉमी. चोरी करून आत आलेला तरुण पोरगा, अँडी त्याला शिकवतो, तो परीक्षा पास होतो. आणि अँडीच्या निर्दोषपणाचा साक्षीदार ठरतो म्हणून वॉर्डन त्याला रात्री बाहेर बोलावतो आणि टेहळणीच्या मनोऱ्यावरून त्याला गोळी घातली जाते. अँडीपाशी शिक्षण होतं, हिशेबाचं डोकं होतं, तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना त्याची गरज होती. त्याच्या आशेला हत्यारं होती. टॉमीपाशी फक्त आशा होती. आपल्याकडे तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी जवळपास तीन कच्चे कैदी आहेत, गुन्हा सिद्ध न होता आत बसलेले. त्यातले किती अँडी असतील आणि किती टॉमी, हा विचार आल्यावर चित्रपट जड होतो. तो जड व्हावा असंच मला वाटतं. चित्रपटानेही टॉमीचं मरण झाकलेलं नाही.

ओहायोतल्या मॅन्सफिल्डमध्ये ज्या जुन्या सुधारगृहात चित्रीकरण झालं ते 1896 पासून 1990 पर्यंत खरोखरच माणसांनी भरलेलं होतं. कोठड्यांच्या रांगा चित्रपटासाठी वेगळ्या उभारल्या, पण ती प्रचंड दगडी दर्शनी इमारत खरी. ती पाडली जाणार होती, लोकांनी वाचवली, आणि आता जगभरातून माणसं ती पाहायला जातात. अँडीने खूण म्हणून सांगितलेला ओकही बघायला जायची. 2011 च्या वादळात त्याचा निम्मा भाग मोडला, 2016 मध्ये उरलेलाही पडला. तरी लोक त्या शेताकडे जात राहिले. एका काल्पनिक मैत्रीतल्या झाडासाठी. मला याचं नवल वाटत नाही.

शेवटाबद्दल मात्र मला ठामपणे बोलायचंय. किंगच्या कथेत रेड अजून निघण्याच्या बेतात आहे, अँडी त्याला भेटतो की नाही ते आपल्याला कळत नाही. डॅराबॉन्टच्या मूळ पटकथेतही रेड बसमध्ये बसून सरहद्दीकडे निघतो आणि तिथेच सगळं संपतं. भेट दाखवा, असं सुचवलं ते निर्मिती करणाऱ्या कॅसल रॉकने. त्यामुळे अँडी जिथे जाऊन राहिला त्या मेक्सिकोच्या झिहुआतानेहो गावचा म्हणून कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा किनारा चित्रित झाला. अनेक जाणकारांना बसमधला शेवट अधिक संयत वाटतो, आणि संयमाची बाजू मला कळते. पण रेडच्या नजरेने पाहा. ज्याला तीन वेळा खोलीत बोलावून दोन वेळा परत पाठवलं, ज्याने आशा धोकादायक म्हणून टेबलावरून उठून जाणं पसंत केलं, त्या माणसाला बसमध्ये सोडून देणं म्हणजे त्याची पुन्हा एक सुनावणी बाकी ठेवणं. किनाऱ्यावरही डॅराबॉन्टने हात आवरता घेतलाच आहे. दोघं काय बोलले ते ऐकू येत नाही, कॅमेरा लांबूनच मिठी दाखवतो. एवढं पुरेसं होतं, आणि एवढं हवंच होतं. रेड पोहोचला की नाही हे प्रेक्षकावर सोडायचं नाही, हा हट्ट धरणाऱ्या निर्मात्यांची मी मनापासून आभारी आहे.